दादाची रानराय

शाळेतल्या निरोप समारंभात मला कुणीतरी विचारलं, "मॅडम, आता पुढं काय करणार?" मी म्हटलं, "झोपणार." सगळे हसले. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं. सासूबाईंचं अंथरूण बदलायचं, डबे भरायचे, शाळेत जाऊन गणित शिकवायचं आणि घरी येऊन पुन्हा सासूबाईंना भरवायचं, अशी कित्येक वर्षं काढली होती. मी निवृत्त झाले त्याच्या आगेमागेच त्या गेल्या. अमरावतीच्या आमच्या घरात दुपारी मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. ते सुख जेमतेम एक पावसाळा आणि एक हिवाळा टिकलं. मग दादाचा फोन आला.

दादा माझा थोरला भाऊ. अकोल्याच्या एका कॉलेजात त्यानं जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. मूलबाळ नव्हतं, आणि त्याच्या निवृत्तीनंतर थोड्याच काळात वहिनी गेली. तिनं हौसेनं चिखलदऱ्याला एक तुकडा घेऊन ठेवला होता. टिनाच्या छपराच्या दोन खोल्या आणि मागं उताराची जमीन. उन्हाळ्यात तिथं राहायचं, चार स्ट्रॉबेरीची रोपं लावायची, एवढाच तिचा बेत होता. ती गेल्यावर दादा अकोल्याचा फ्लॅट बंद करून तिथंच राहायला गेला होता.

"बाई," तो म्हणाला. लहानपणापासून तो मला बाईच म्हणतो. "शनिवारी येतेस का? थोडं निंदण आहे."

"कशाचं निंदण?"

"रानराय लावली आहे."

मला वाटलं राई, म्हणजे मोहरी. मी म्हटलं, "मोहरीला कशाला एवढं निंदण लागतं?" तो फोनवरच हसला. वहिनी गेल्यानंतर तो हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हणून मी गेले.

राय म्हणजे गव्हाच्या गणगोतातलं, थंड मुलखात पिकणारं एक धान्य. दादानं लावली होती ती तिची रानटी चुलत बहीण. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो विद्यार्थ्यांची सहल घेऊन लडाखला गेला होता. तिथं जवाच्या शेतांच्या कडेला हे निळसर झाक असलेलं गवत त्याला दिसलं. वर गव्हासारख्या, पण बारीक आणि लांब ओंब्या. ज्या घरात ते उतरले होते तिथल्या म्हातारीनं त्याला सांगितलं, की तिच्या सासूच्या काळी जव बुडाला की लोक याचे दाणे भाजून खायचे. दादा एक मूठभर ओंब्या रुमालात बांधून घेऊन आला.

त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. मेळघाटाच्या उतारांवर दरवर्षी नांगर फिरतो आणि दरवर्षी पावसात माती खाली वाहून जाते. हे गवत एकदा लावलं की त्याची मुळं वर्षानुवर्षं जमिनीत राहतात आणि माती धरून ठेवतात. मग वरच्या ओंब्या दरवर्षी कापायच्या आणि दाणे खायचे. नांगर नको, पेरणी नको.

"गहू तरी आधी काय होता?" तो म्हणायचा. "गवतच होता. कोणीतरी पहिल्यांदा चिकाटीनं लावलं म्हणून झाला गहू."

"त्याला किती हजार वर्षं लागली रे दादा?"

"म्हणून तर लवकर सुरू करायला पाहिजे."

पहिला प्रयोग त्यानं अकोल्याच्या गॅलरीत कुंड्यांमध्ये केला होता. अकोल्याचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथं लडाखचं गवत काय टिकणार? ओली पोती लावली, कूलर गॅलरीकडं फिरवला, तरी एप्रिल संपायच्या आत सगळं वाळून गेलं. थोडं बी उरलं होतं ते घेऊन तो डोंगरावर गेला आणि पाऊस ओसरल्यावर मागच्या उतारावर त्यानं ते पेरलं. हिवाळाभर ते त्याचं त्यानंच सांभाळलं. पण मग गुडघे वाकेनासे झाले आणि उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. निंदायला वाकणारं माणूस हवं होतं. मजूर लावला तर तो गवतातून कोणतं गवत काढणार?

माझीही पहिल्यांदा तीच गत झाली. मी बांधावर बसले आणि समोर बघितलं तर सगळंच हिरवं. दादा खुर्चीवर बसून सांगत होता. "पान चोळून बघ. खरखरीत लागलं तर आपली. गुळगुळीत लागलं तर उपट." मी पान पान चोळत बसले. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली.

शेजारी एक गवळीण राहायची. दहा-बारा म्हशी, नवरा आणि ती. खवा करून गावातल्या दुकानांना द्यायची. ती कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, गवतातून गवत काढून राहिल्या का तुमी?"

"हो."

"काहून?"

दादानं तिला मोठ्या प्रेमानं सगळं समजावून सांगितलं. लडाख, उतार, माती, मुळं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बरं हाये. चहा ठेवू का?"

असे माझे शनिवार-रविवार सुरू झाले. सकाळची एसटी, परतवाड्याला गाडी बदलायची, मग घाट. वळणांवर माझं डोकं धरायचं. वर पोचले की आधी दादाचा स्वयंपाक, मग कपडे, मग निंदण. पावसाळ्यात तर हाल विचारू नका. दिवस दिवस धुकं हलायचं नाही, कपडे वाळायचे नाहीत, आणि उतारावरून घसरत घसरत मी गवत उपटायची. पाण्यानं अर्धीअधिक रोपं मुळाशी कुजली. जी उरली ती फोफावली, जमिनीखालून पसरली, पण त्यांना ओंबी काही आली नाही. नुसती पानंच पानं.

घरी यांचं सुरू असायचं. हे वकील, अमरावतीच्या कोर्टात अजून जातात. "तुझा भाऊ गवत पेरून राहिला, अन् तू गवत उपटून राहिली. कोणी अशिलानं मला हे सांगितलं असतं, तर मी केस घेतली नसती."

उलट बोलायला लागते ती शक्ती सोमवारी माझ्यात उरत नसे.

ओंबी का येत नाही ते दादाला कळलं होतं. या गवताला आधी कडक थंडी सोसावी लागते, त्याशिवाय ते फुलत नाही. चिखलदऱ्याची थंडी आपल्याला पुष्कळ वाटते, त्याला ती पुरत नव्हती. दादा चार दिवस उदास होता. मग एका शनिवारी मी पोचले तर त्यानं गवताचे गड्डे मुळांसकट खणून, ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये भरून ठेवले होते.

"माझा फ्रिज लहान आहे," तो म्हणाला. "तुझा मोठा आहे."

ते गड्डे मी मांडीवर घेऊन एसटीतून अमरावतीला आणले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोथिंबीर का? मी हो म्हटलं. भाजीचा कप्पा भरला, मग त्यावरचा एक खणही गेला. सोमवारी सकाळी यांनी दह्यासाठी फ्रिज उघडला आणि तसेच उभे राहिले.

"हे काय आहे?"

"दादाची राय."

"जिवंत आहे का मेलेली?"

"झोपलेली आहे. थंडीत झोपून उठली की ओंबी येते म्हणे."

"बरं आहे. या घरात कोणीतरी झोपून राहिलं," हे म्हणाले आणि दही काढून घेतलं. दिवाळीही फ्रिज तसाच भरलेला ठेवून काढली. चकलीचं पीठ ठेवायला जागा नव्हती.

डिसेंबरच्या शेवटी ते गड्डे पुन्हा वर नेऊन लावले. पिवळे पडले होते, मला तर ते मेलेलेच वाटत होते. पण तगले. फेब्रुवारीत पाणी कमी झालं तेव्हा नळाची पाळी एक दिवसाआड आली. मी भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून उतारावर ओतत होते. एकदा बादलीसकट घसरले. कंबरेत उसण भरली. ती पुढं बरेच दिवस राहिली.

मार्चमध्ये दादाचा फोन आला. तो नुसता म्हणाला, "बाई, आली."

मी गेले तेव्हा खरंच आल्या होत्या. सगळ्यांना नाही, पण पुष्कळ गड्ड्यांना. बारीक, लांब, वाऱ्यानं हलणाऱ्या ओंब्या. दादा दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसलेला. मुनिया पाखरांचे थवे यायचे, तर टाळ्या वाजवायचा. टाळी नीट वाजायची नाही, मग ताटलीवर चमचा आपटायचा. त्याच्या तोंडावरची ती कळा पाहून मला वाटलं, जाऊ दे, कंबर दुखली तर दुखली.

एप्रिलच्या शेवटी दाणे पिकले. इथं खरी पंचाईत झाली. गव्हाची ओंबी पिकली तरी दाणा धरून ठेवते. रानगवताला तसं चालत नाही, त्याला आपलं बी सांडायचंच असतं. ओंबी पिकली की नुसत्या धक्क्यानं दाणे गळून मातीत जातात. त्यातही सगळ्या एकदम पिकत नाहीत. एक आज, दुसरी परवा. एकेक ओंबी हळूच धरायची, खाली कापड ठेवायचं आणि कात्रीनं कापायची. मी वहिनीचं एक जुनं सुती पातळ खाली अंथरलं होतं.

पहिली ओंबी दादानं कापायची असं आपोआपच ठरलं होतं. तो काठी धरून उतारावर आला, वाकला, डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं आणि ओंबीजवळ नेलं. हात थरथरतच होता. ओंबीला लागला आणि दाणे भुरभुर मातीत पडले. त्यानं दुसरी धरायला बघितली. तेच. तिसरीकडं त्यानं हात नेला आणि अर्ध्यातूनच मागं घेतला.

"तू कर," तो म्हणाला. "माझा हात लागला की सांडतं."

मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि मी कापत होते तोवर तसाच उभा राहिला. मी वर बघितलं नाही. मला बघवलंच नसतं.

तो आठवडाभर मी तिथंच राहिले. उन्हात बसून ओंब्या कापल्या, पातळात गोळा केल्या, चोळल्या, सुपात पाखडल्या. दाण्याला साल घट्ट चिकटलेली. भाजून बघितलं, कुटून बघितलं, तेव्हा कुठं थोडी सुटली. एवढं सगळं करून हाताशी आले ते एक मोठा डबाभर दाणे. अर्धे तर जिऱ्याएवढे बारीक.

परत येताना मी अचलपूरला उतरले. तिथल्या एका पिठाच्या गिरणीच्या चाचांना दादा ओळखत होता. त्यांनी डबा उघडून दाणे हातावर घेतले. "ताई, हे काय हो?"

"राय आहे."

"राई तर काली रहती."

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा दाण्यांकडं पाहिलं, एक दाताखाली धरला. "ताई, मी हे टाकून देतो चक्कीत, मले काही नाही. पण तुमच्या हातात काहीच येणार नाही. इतकं तर पाट्यातच अडकून राहील. पोतंभर असतं तर गोष्ट वेगळी होती." मग आत जाऊन त्यांनी मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि स्टूल पुढं केलं. "बैठो. तुमी फार थकल्या दिसता." त्या माणसाच्या त्या एका वाक्यानं मला गिरणीतच रडू आलं. पीठ डोळ्यात गेलं म्हणून सांगितलं. ते हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी डबा पुन्हा वर नेला. गवळणीकडं जातं होतं. ती आणि मी समोरासमोर बसलो. तिच्या हाताला जोर होता, माझा खुंट्यावर नुसताच हात. दळताना ती म्हणाली, "इतक्या मेहनतीनं तर माणूस एक म्हैस वाढवते."

एक पातेलंभर करडं पीठ निघालं. त्याची भाकरी थापायला घेतली तर परातीलाच चिकटली. दुसरी तव्यावर टाकताना फाटली. शेवटी पिठाला उकळत्या पाण्याची उकड दिली, निम्मी ज्वारी घातली, तेव्हा कुठं दोन भाकरी धड उतरल्या. झुणका, मिरचीचा ठेचा, गवळणीनं दिलेलं लोणी. दादाला तुकडे करून दिले. तो बराच वेळ चावत राहिला. मीही खाल्ली. थोडी कडवट, तोंडात चिकटणारी, आणि मागाहून ओल्या लाकडासारखा वास.

"चांगली नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो मोठ्यांदा हसायला लागला. मीही हसले. लोणी संपेपर्यंत आम्ही ती भाकरी खाल्ली, आणि तो म्हणाला, "पण पोट भरलं." ते मात्र खरं होतं. संध्याकाळपर्यंत आम्हाला भूक लागली नाही.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण पाऊस पडल्यावर गड्डे पुन्हा हिरवे झाले आणि दादा पुढच्या वर्षाचं बोलायला लागला. यंदा दुप्पट गड्डे. अकोल्याला त्याच्या एका विद्यार्थ्याकडं मोठा फ्रिज होता, तोही मागायचा. मी उतारावर निंदत होते. पाऊस टोपीवरून मानेत उतरत होता. मी खुरपं खाली ठेवलं.

"दादा, मी थकले रे."

"मग जरा बस. चहा घे."

"तसं नाही. मी थकले. मला हे आता होत नाही."

त्यानं खुरप्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "नको येऊ मग. मी काही तुला बांधून ठेवलं नाही."

हे तो रागानं बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं परत आले. पुढचे कितीतरी शनिवार गेले नाही. घरी दुपारी पडायची, पण झोप यायची नाही. कूस बदलायची आणि वर पाऊस किती असेल याचा अंदाज करत राहायची. फोन दोघांपैकी कुणीच केला नाही.

पोळ्याच्या आसपास त्याचाच आला.

"बाई, म्हशी शिरल्या."

"कुठं?"

"कुंपण मोडून आल्या. सगळं खाल्लं."

मला काय वाटलं ते सांगते. माझ्या खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं मला वाटलं. डोळ्यांत पाणी मात्र त्याच्यासाठी आलं. दुसऱ्या दिवशी हेही कोर्ट सोडून माझ्याबरोबर वर आले. पहिल्यांदाच.

दादा पायरीवर बसला होता. उतार हजामत केल्यासारखा दिसत होता. गवळीण दुधाची बरणी घेऊन दारात उभी, डोळे सुजलेले. "भाऊ, मी दावं बांधलं होतं. तोडलं त्यायनं. तुमी म्हणान ते भरून देतो."

दादानं भरून देण्याचं काही ऐकलं नाही. त्यानं विचारलं, "आवडीनं खाल्लं का त्यांनी?"

ती चक्रावली. "आवडीनं? भाऊ, मारून मारून हटत नव्हत्या ना!"

"आणि दूध?"

"दुधाचं मी पायलं नाही. आजचं थोडं घट्ट वाटून राहिलं."

दादानं उताराकडं पाहिलं. मग म्हणाला, "कापल्यावर पुन्हा फुटतं ते. तू थोडे गड्डे घेऊन जा. नाल्याच्या काठाला लाव."

यांनी माझ्याकडं पाहिलं. ते एखादा टोमणा मारतील असं मला वाटलं होतं. पण ते दादाजवळ पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "दादा, अमरावतीला चला. एकटं राहायचे दिवस नाही राहिले आता." दादानं आढेवेढे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "बाईला त्रास होईल."

"होईल," मी म्हटलं. "पण घाट तरी चढावा लागणार नाही."

तेव्हापासून दादा आमच्याकडं आहे. सासूबाईंची खोली आता त्याची. सकाळी उठवायचं, दाढी करून द्यायची, गोळ्या द्यायच्या, भरवायचं. ज्यातून सुटले असं वाटलं होतं त्यातच परत आले आहे, आणि खोटं कशाला बोलू, एखाद्या दिवशी नको नको होतं. पण दुपारी तो झोपला की मीही झोपते. आता झोप लागते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याला गाडीनं चिखलदऱ्याला नेऊन आणलं. जागा सांभाळायला गवळणीच्या घरच्यांकडंच दिली आहे. दादाला उतरवत नव्हतं, तो गाडीत काच खाली करून बसला. मी एकटीच खाली नाल्यापर्यंत गेले. काठाला निळसर गवत दाट माजलं होतं. आता त्याला ओंब्या येत नाहीत, कारण त्याला कुणी थंडीत ठेवत नाही. पण माती तिथं सुटलेली दिसली नाही. गवळीण विळ्यानं कापत होती, पारडीसाठी.

वर येऊन मी दादाला सांगितलं. त्यानं विचारलं, "मुळं किती पसरली?"

"हात पसरून माझ्या दोन वावा तरी."

"बरं," तो म्हणाला. गवळणीनं खवा बांधून दिला. घाट उतरताना दादाची मान माझ्या खांद्यावर पडली. परतवाडा येईपर्यंत तो गाढ झोपला होता, आणि माझा हात अवघडला तरी मी तो काढून घेतला नाही.